वाचकांचे प्रश्न : काच फुटली, सिस्टीम गेली

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकाच विषयाची पत्रं इतकी होती की सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. विषय आहे उभ्या गाडीची काच फोडून म्युझिक सिस्टीम किंवा नेव्हिगेशनचा स्क्रीन उचलून नेण्याचा. उत्तरं गाड्यांचं वायरिंग करणारे, विम्याचे सर्व्हे करणारे आणि फौजदारी वकिली करणारे यांनी मिळून दिली आहेत. पत्रं जागेअभावी छोटी केली आहेत.

प्रश्न (चिंचवड) : सकाळी गाडीपाशी गेलो तर मागच्या डाव्या दाराची काच फुटलेली आणि डॅशबोर्डमधला ९ इंची स्क्रीन उपसून नेलेला. नुसत्या तारा लोंबत होत्या. अशा वेळी गाडी चालू करून थेट गॅरेजला न्यावी का? आधी काय करावं?

उत्तर : गाडी चालू करू नका, किल्ली फिरवूसुद्धा नका. लोंबणाऱ्या तारांपैकी एक थेट बॅटरीवरून आलेली असते आणि किल्ली काढली तरी तिच्यात १२ व्होल्ट असतात. तिचं उघडं टोक डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीला टेकलं की फ्यूज उडतो. बऱ्याच गाड्यांत त्याच फ्यूजवर आतला दिवा, घड्याळ, कधी कधी सेंट्रल लॉकिंगही असतं. मग एका चोरीच्या दुरुस्तीत तीन नवे बिघाड शोधत बसावे लागतात.

हात लावण्याआधी फोटो काढा. पहिला थोडा लांबून, नंबरप्लेट आणि फुटलेली काच एकाच चौकटीत येईल असा. दुसरा आतून, पूर्ण डॅशबोर्डचा. तिसरा तारांच्या टोकांचा अगदी जवळून. तारा कापल्या आहेत की कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग, नीट सोडवून सेट नेला आहे, हे त्यात कळलं पाहिजे, कारण सर्व्हेअर वायरिंगचा खर्च त्यावरूनच मान्य किंवा अमान्य करतो. काचेचे तुकडे झाडू नका आणि सफाईवाल्यालाही झाडू देऊ नका. मग ११२ किंवा जवळचं पोलिस ठाणं, आणि लगेच विमा कंपनीचा टोल-फ्री नंबर.

फोटो झाले की बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. त्याआधी किल्ली खिशात आहे ना आणि डिकी फक्त बटणानं उघडणारी असेल तर ती उघडी ठेवली आहे ना, हे बघा. चार-पाच मिनिटं थांबून प्रत्येक तारेच्या टोकाला वेगळी चिकटपट्टी गुंडाळा. सगळ्या तारांचा जुडगा करून वरून एकच पट्टी मारली तर आत टोकं एकमेकांना लागलेलीच राहतात. पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या आवरणातल्या तारा दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत. त्यांना टेस्टर लावायचा नाही आणि ओढायचंही नाही. स्क्रीन उपसताना धोक्याच्या दिव्याचा स्विच आणि एसीच्या बटणांची पट्टी हलली असेल, तर त्यांची कपलरं मागे निसटली आहेत का तेही पाहा.

आता काच. दाराची काच टेम्पर्ड असते, तिचे सुऱ्यासारखे तुकडे न होता ज्वारीएवढे दाणे होतात. निम्मे दाणे सीटवर पडतात आणि निम्मे दाराच्या पोटात जातात. म्हणून खिडकीचं बटण दाबून बघायचा मोह टाळा. खाचेत अडकलेले तुकडे यंत्रणेत ओढले जातात, केबल उसळते आणि काचेबरोबर ती वर-खाली करणारा रेग्युलेटरही बदलावा लागतो. दाराचं आतलं पॅनेल उघडून व्हॅक्यूमनं सगळं काढायला सांगा. नवी काच बसवणारे घाईत असले की नेमकं हेच टाळतात. दाराच्या तळाला पाणी निघून जायची भोकं असतात. तुकड्यांनी ती बुजली की पावसाळ्यात दारात पाणी साठतं आणि खालची कड गंजते. मागच्या सीटबेल्टच्या कुलपातही दाणे जातात, त्यामुळे बेल्ट लावून जोरात हिसका देऊन बघा. क्लिक आवाज आला म्हणजे अडकला असं धरू नका.

काच मिळेपर्यंत जाड प्लॅस्टिक लावताना चिकटपट्टी रंगावर न लावता दाराच्या आतल्या चौकटीवर लावा. उन्हात तापून निघालेली पट्टी रंगाचा पापुद्रा घेऊन येते. असं प्लॅस्टिक लावून हायवेला जाऊ नका, साठच्या वेगाला ते फाटतं.

एक काम बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. स्क्रीन अँड्रॉइडचा असेल आणि त्यात तुमचं गूगल खातं चालू असेल, तर मोबाइलवरून खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते उपकरण काढून टाका आणि पासवर्ड बदला. त्यात सिम असेल तर बंद करा. त्या स्क्रीनवर तुमच्या घराचा पत्ता ‘होम’ म्हणून साठवलेला असतो. ग्लोव्हबॉक्समधून घराची किंवा गाडीची जादा किल्ली गेली असेल तर कुलूप आजच बदला, बाकी दुरुस्ती उद्या झाली तरी चालेल.

प्रश्न (कोल्हापूर) : ठाण्यात सांगितलं की ऑनलाइन ‘हरवल्याची नोंद’ करा, तेवढं पुरतं. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही. हरवल्याच्या नोंदीचं पोर्टल कागदपत्रं, मोबाइल वगैरे हरवण्यासाठी आहे. काच फोडून नेलेली वस्तू हरवत नसते. विम्याच्या दाव्यात ती पावती चालत नाही, आणि उद्या मुद्देमाल सापडला तरी तुमची फिर्यादच कुठे नसते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी चोरी कलम ३०३(२) खाली येते. माणसं किंवा माल नेणाऱ्या वाहनातून वस्तू चोरणं कलम ३०५ मध्ये वेगळं घातलं आहे आणि त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. काच आणि डॅशबोर्ड फोडल्याबद्दल नुकसानीचं कलम ३२४ लागतं. कलमं ठरवणं पोलिसांचं काम आहे. तुम्ही घटना नीट सांगितली की ती योग्य लागण्याची शक्यता वाढते. ‘टेप चोरीला गेला’ एवढंच लिहू नका. गाडी कुठे, किती वाजता लावली, किती वाजता पाहिली, कुठली काच फुटली, काय गेलं, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, आज तीच वस्तू बसवायला येणारा खर्च, हे सगळं हवं. किमतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. साध्या चोरीत गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. जुन्या सेटची ‘अंदाजे ३-४ हजार’ अशी किंमत सहज बोलून जाणारे नंतर पस्तावतात. वाढवून सांगू नका, पण बिल किंवा दुकानाचं लेखी कोटेशन जोडा.

तक्रार ईमेलनं किंवा पोर्टलवरून दिली तरी चालते, मात्र ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. हे सगळं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये आहे. तिथेच पुढे, ठाण्यानं नोंदवायला नकार दिला तर तीच तक्रार टपालानं पोलिस अधीक्षकांना पाठवायची आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं, असा रस्ता दिला आहे. पोचपावती असलेलं टपाल वापरा.

सोसायटीचा कॅमेरा असेल तर चित्रण त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या. डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि लहान सोसायट्यांत हे पंधरा-वीस दिवसांतच होतं. कॅमेऱ्यातलं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे तेही लिहून ठेवा. न्यायालयात अशा चित्रणाबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) सांभाळणाऱ्याकडून आणि दुसरा तज्ज्ञाकडून घ्यायचा असतो.

सेट सापडला तर तो पोलिसांकडून थेट हातात मिळत नाही. न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या हमीवर, मिळतो, आणि तो तुमचाच आहे हे सिरियल नंबरवरूनच सिद्ध होतं. ‘कोपऱ्यात चरा आहे’ यावर भागत नाही.

प्रश्न (ठाणे) : गाडी साडेतीन वर्षं जुनी, १२०० सीसी. कंपनीचा टचस्क्रीन गेला. शेजाऱ्याचाही गेला, पण त्याचा बाहेरून बसवलेला २८,००० चा होता. दोघांना विमा मिळेल का, आणि दावा करणं परवडतं का?

उत्तर : दोघांकडे सर्वसमावेशक पॉलिसी आहे असं धरतो. फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीचा पैसाही मिळत नाही.

तुमचा स्क्रीन गाडीच्या किमतीतच धरलेला असल्यानं तो पॉलिसीत आहे. पण घसारा कापला जातो. काचेला घसारा शून्य. प्लॅस्टिक आणि रबराला ५० टक्के. बाकी सुट्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे : ६ महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. आता समजा बिल असं झालं : स्क्रीन ३२,०००, काच २,८००, डॅशबोर्डची प्लॅस्टिक चौकट ३,५००, मजुरी २,५००, एकूण ४०,८००. स्क्रीनचे २५ टक्के कापून २४,००० राहतात, काचेचे पूर्ण २,८००, चौकटीचे निम्मे १,७५०, मजुरी २,५००. बेरीज ३१,०५०. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १,००० गेली की हातात ३०,०५०. झिरो डेपचं जादा कवच घेतलं असेल तर घसारा कापला जात नाही. सर्व्हेअरनं स्क्रीन ‘प्लॅस्टिक’मध्ये टाकून ५० टक्के कापले तर लेखी हरकत घ्या, हा घोळ नेहमी होतो.

परवडतं का, याचं उत्तर नो क्लेम बोनसमध्ये आहे. दावा न करता पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी सूट वाढते. तुम्ही चौथ्या वर्षात आहात, म्हणजे येत्या नूतनीकरणाला ४५ टक्के मिळाली असती, ती शून्य होईल. पुढच्या वर्षी ५० ऐवजी २०, मग २५, ३५, ४५ अशी चढत जाईल. पाच वर्षांत गमावलेली सूट ४५, ३०, २५, १५ आणि ५ मिळून १२० टक्के होते. ही सूट ज्यावर मिळते तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० धरला तर साधारण ९,६००. हप्ता वर्षागणिक कमी होतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच. तेव्हा ३०,००० साठी दावा जरूर करा. नुसती काच फुटून २,८०० चा खर्च आला असेल तर खिशातून भरा. हा बोनस राखणारं एनसीबी प्रोटेक्शन घेतलं असेल तर ही सगळी बेरीज-वजाबाकी विसरा.

शेजाऱ्यांचं वेगळं आहे. बाहेरून बसवलेली विजेवर चालणारी वस्तू पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागते. तिच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता असतो, २८,००० वर वर्षाला १,१२० आणि वर जीएसटी. नोंद नसेल तर कंपनी सेटचे पैसे नाकारेल. तरीही काच, तोडलेलं मूळ वायरिंग, मोडलेली चौकट हे गाडीचे भाग आहेत आणि त्यांचे पैसे मागता येतात. बहुतेक जण सेट नाकारला म्हणून संपूर्ण दावाच सोडून देतात.

सर्व्हे होईपर्यंत दुरुस्ती करू नका. लहान दाव्यात कंपनीचा माणूस व्हिडिओ कॉलवरच गाडी बघतो, त्यामुळे उशीर होत नाही. फुटक्या चौकटीचा उरलेला भाग टाकू नका, तो दाखवावा लागतो.

प्रश्न (नाशिक) : चोरीनंतर कोपऱ्यावरच्या वायरमननं दुसरा सेट बसवून दिला. आता दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की स्टार्ट होत नाही. शिवाय एफएम खरखरतं आणि एका बाजूनं आवाज येत नाही.

उत्तर : तिन्ही दुखणी जोडणीची आहेत. एकेक बघू.

बाजारातल्या सेटच्या तारांचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी कायम बॅटरीची, लाल किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थिंगची, केशरी डॅशबोर्डच्या दिव्यांची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या. प्रत्येकीची काळ्या रेघेची जोडीदार ही निगेटिव्ह. हे रंग सेटकडचे झाले. गाडीकडचे रंग कंपनीनुसार बदलतात, म्हणून कपलर कापलं गेलं की रंगाला रंग जोडणारा माणूस हमखास चुकतो. गाडीकडची प्रत्येक तार मीटरनं तपासूनच जोडायला हवी.

तुमच्याकडे बहुधा लाल आणि पिवळी दोन्ही कायमच्या तारेवर जोडल्या आहेत. सेट दिसायला बंद, आतून जागा. उलट चूक, म्हणजे दोन्ही किल्लीवरच्या तारेवर, झाली असती तर बॅटरी टिकली असती पण दर वेळी स्टेशनं आणि सेटिंग पुसली गेली असती. खात्री करायची तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि तिची तार यांच्या मधे जोडा. गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. ३०० आला तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत पार रिकामी होईल, आणि स्टार्टर फिरवण्यापुरता जोर त्याच्या बराच आधी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच संपेल. मीटर जोडलेला असताना दार उघडू नका आणि सेल्फ तर मारूच नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा जास्त दिसला की सेटचा फ्यूज काढून बघा. तो खाली आला तर चोर सापडला.

एफएम खरखरतं याचं कारण निळी तार. बऱ्याच गाड्यांच्या छपरावरच्या छोट्या अँटेनाला आतून अॅम्प्लिफायर असतो, त्याला सेटच्या निळ्या तारेतून १२ व्होल्ट लागतात. ती मोकळी सोडलेली असणार. अँटेनाची जाड केबल कापून पुन्हा पिळून जोडली असेल तरीही असंच होतं. ती केबल बदलावीच लागते. नेव्हिगेशनच्या बारीक केबलचंही तेच. तुटली की नवी अँटेना घ्या, जोड देत बसू नका.

आवाज न येणारी बाजू : सेट सोडवून त्या स्पीकरच्या दोन तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. खर्र आवाज आला तर स्पीकर शाबूत आहे. ४ ओमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेतीन ओमच्या आसपास दाखवतो. मग स्पीकरची कोणतीही तार बॉडीला लागत नाही ना, हे तपासा. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, निगेटिव्हसुद्धा बॉडीला जोडायची नसते. काही वायरमन जुन्या सवयीनं चारही निगेटिव्ह एकत्र करून अर्थिंगला लावतात. त्यानं सेट ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडतो किंवा आतली आयसी जळते.

गाडीच्या मॉडेलचं कपलर वेगळं विकत मिळतं, काहीशे रुपयांत. ते आणून सेटकडच्या तारांना सोल्डर करून, वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवून घ्या. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे साध्या चिकटपट्टीचा गोंद वितळून ती सुटते. पिवळ्या तारेला १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

प्रश्न (रत्नागिरी) : बॅटरी सोडवून परत लावली तर जुन्या होंडाचा स्टिरिओ ‘कोड’ मागतो. सेट आमचाच आहे!

उत्तर : सेटला ते माहीत नाही. वीज तुटली म्हणजे आपल्याला उपसून नेलं असं तो समजतो. कोड मॅन्युअलबरोबरच्या छोट्या कार्डावर असतो, कधी कधी ग्लोव्हबॉक्सच्या आत स्टिकरवर. तिथे नसेल तर सेटचा सिरियल नंबर आणि आरसी घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. बऱ्याच होंडा सेटवर १ आणि ६ ही बटणं दाबून ठेवून सेट चालू केला की सिरियल नंबर पडद्यावर येतो, म्हणजे सेट बाहेर काढावा लागत नाही. अंदाजे आकडे मारत बसू नका. ठराविक चुकांनंतर तो कुलूपबंद होतो आणि मग चालू स्थितीत तासभर तसाच ठेवावा लागतो. कोड मिळाल्यावर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. कार्ड परत गाडीत ठेवलं तर सेट नेणाऱ्याला कोडही मिळतो.

प्रश्न (नागपूर) : गाडी रस्त्यावरच लावावी लागते. अलार्म, काळी फिल्म, कॅमेरा यांपैकी कशाचा खरंच उपयोग होतो?

उत्तर : काळी फिल्म बाद. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये काचेवर फिल्म लावायला मनाई केली आणि पोलिस त्यावर दंड करतात. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. उभ्या गाडीला समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावायला हरकत नाही, आणि स्क्रीन त्यानं बऱ्यापैकी झाकला जातो.

अलार्मबाबत लोकांची मोठी गैरसमजूत आहे. गाडीबरोबर आलेला अलार्म पुष्कळदा फक्त दारं, बॉनेट आणि डिकी यांच्या स्विचवर चालतो. चोर मागची काच फोडून हात घालतो, आतून पुढे सरकतो, दार उघडतच नाही. अलार्म गप्प. शॉक सेन्सर किंवा आतली हालचाल ओळखणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असेल तरच काच फुटल्यावर भोंगा वाजेल. घेताना हाच एक प्रश्न विचारा. सेन्सर फार तिखट ठेवला की ट्रक गेला तरी वाजतो, आठवड्यात शेजारी कंटाळतात आणि मग खरा वाजला तरी कुणी खिडकीत येत नाही.

कॅमेरा चोर ओळखायला मदत करतो, चोरी थांबवत नाही. गाडी उभी असताना चालणारा डॅशकॅम लावायचा तर त्याच्या वायरिंग किटमध्ये बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास आली की आपोआप बंद होण्याची सोय हवी.

आमच्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट फुकटात पडते. सेट बसवताना मागच्या बाजूला एक बोल्ट आणि लोखंडी पट्टी देऊन तो डॅशबोर्डच्या आतल्या सांगाड्याला आवळायचा असतो. ही पट्टी खोक्यात असते आणि नव्वद टक्के वेळा खोक्यातच राहते, कारण पुढचे क्लिप पुरेसे वाटतात. जुन्या १८० बाय ५० मिलिमीटरच्या सेटना तर दोन पातळ पट्ट्या बाजूने सरकवल्या की क्लिप सुटायचे. त्याच सोयीमुळे पुढे काढता येणारे फेसप्लेट, म्हणजे सेटचा बटणांचा पुढचा भाग, आले. मागून आवळलेला सेट उपसायला वेळ लागतो, आणि वेळच चोराकडे नसतो. बसवणाऱ्याला पट्टी लावायला सांगा आणि समोर उभे राहा.

गाडी लावताना एक बाजू भिंतीला चिकटवून लावा. मोबाइलचा स्टँड, लोंबणारी चार्जरची केबल, काचेवरचा सक्शनचा गोल डाग, हे सगळं बाहेरून वाचता येतं. आणि सेट बसवण्याआधी त्याच्या पत्र्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. बसवल्यावर तो दिसत नाही. पत्र्यावर गाडीच्या चासी नंबरचे शेवटचे ६ आकडे कोरून घेता आले तर उत्तम.

प्रश्न (म्हापसा) : ओळखीचा एक जण नामांकित कंपनीचा सेट निम्म्याहून कमी किमतीत देतोय. घ्यावा का?

उत्तर : सेटचा मागचा भाग बघा. कपलरला चार बोटं कापलेली तार लटकत असेल तर तो कुणाच्या तरी गाडीतून ओरबाडलेला आहे. आपला सेट बदलणारा माणूस कपलर दाबून सोडवतो, पक्कड चालवत नाही. सिरियल नंबरचं स्टिकर खरवडलेलं असेल तर पुढे बोलणीच नकोत. मूळ बिल मागा. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि सेट जप्त होतो तो वेगळाच. गाडीशी कोडनं बांधलेले कंपनीचे सेट तर दुसऱ्या गाडीत नीट चालतही नाहीत.

प्रश्न (म्युनिक, जर्मनी) : आमच्या बीएमडब्ल्यूची मागची छोटी काच फोडून नेव्हिगेशनचा स्क्रीन, त्याचं मुख्य युनिट आणि स्टिअरिंगमधली एअरबॅग नेली. इथे विम्याचं गणित कसं असतं? आणि नुसतं नेव्हिगेशन गेलं तर सगळे स्पीकर का बंद पडावेत?

उत्तर : जर्मनीत ही चोरी ठरावीक गाड्यांत, मागणीप्रमाणे होते, म्हणून एका रात्रीत एकाच गल्लीतल्या तीन-चार गाड्या फुटतात. शेजाऱ्यांकडे चौकशी करा, पोलिसांना त्याचा उपयोग होतो.

गाडीत पक्की बसवलेली उपकरणं टाइलकास्कोमध्ये, म्हणजे चोरी, काच अशा ठरावीक नुकसानीच्या विम्यात, येतात, काचेवर चिकटवायचं सुटं नेव्हिगेशन येत नाही. फोलकास्को (सर्वसमावेशक विमा) असेल तर त्यात टाइलकास्को असतंच. कंपनीला एका आठवड्याच्या आत कळवायचं असतं, आणि पोलिसांत आन्त्साइगे (फिर्याद) देऊन त्याचा क्रमांक जोडायचा. ठरलेली झेल्ब्स्टबेटायलिगुंग (वजावट), पुष्कळांची १५० युरो असते, तुमच्याकडून जाते. भारतातल्यासारखी बोनसची चिंता इथे नाही, टाइलकास्कोच्या दाव्यानं शाडेनफ्रायहाइट्सक्लासे (दावा न केल्याच्या वर्षांवरून ठरणारी सवलतीची श्रेणी) खाली जात नाही. पॉलिसीत ‘नॉय फ्युअर आल्ट’ (जुन्याच्या जागी नवं) वजावट आहे का, तेवढं वाचा. जुन्या गाडीच्या नेव्हिगेशनवर तीच मोठी रक्कम कापते. दुरुस्तीच्या काळातली भाड्याची गाडी सहसा यात धरलेली नसते.

स्पीकर बंद पडण्याचं कारण वायरिंगच्या रचनेत आहे. त्या पिढीच्या अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये रेडिओ, अॅम्प्लिफायर, नेव्हिगेशन हे एका काचतंतूच्या (ऑप्टिकल फायबरच्या) वर्तुळात जोडलेले असतात. प्रकाश एकातून दुसऱ्यात असा फिरतो, त्यामुळे एक युनिट निघालं की वर्तुळ तुटतं आणि सगळेच मुके होतात. नवं युनिट येईपर्यंत त्या कपलरमध्ये एक छोटा लूप बसवून वर्तुळ पुरं करता येतं, पण गेलेलंच युनिट मुख्य असेल तर लूपनं आवाज येणार नाही. केबल ओढली गेली असेल तर तिला कुठे तीव्र घडी पडली नाही ना, हे बघून घ्या. २५ मिलिमीटरपेक्षा लहान वळण तिला सोसत नाही. नवं युनिट गाडीच्या चासी नंबरवर, तिकडच्या भाषेत एफआयएनवर, कोड करून घ्यावं लागतं. ते काम कोटेशनमध्ये वेगळं लिहून घ्या, नाहीतर कंपनी मागाहून नाकारते.

एअरबॅग गेली आहे, म्हणून गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंगच बोलवा. आणि एअरबॅग जुन्या भागांच्या बाजारातून घेऊ नका, मग विक्रेता कितीही स्वस्त देवो. ती स्फोटक घटक असलेली वस्तू आहे. नवीच घ्या आणि बसवण्याचं काम अधिकृत वर्कशॉपकडूनच करून घ्या. बसवल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा किल्ली फिरवल्यानंतर काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर कुणीतरी दिवाच काढून ठेवला आहे, आणि विझला नाही तर काम अपुरं आहे. दोन्ही वेळा गाडी ताब्यात घेऊ नका.